एका इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम, आणि न बदललेला पिचर

प्रकरण अभ्यासात सहसा नावं झाकतात. इथे तसं करण्यात अर्थ नाही. एकाच बॅटरने एका इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम मारण्याची ही घटना अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एकदाच घडली आहे, आणि नाव गाळलं तरी बेसबॉल बघणारा माणूस दुसऱ्या वाक्यात ओळखेल. त्यामुळे नावांसकटच लिहितो. सगळं त्या दिवशीच्या स्कोअरकार्डावर आहे.

हा किस्सा नेहमी बॅटरचा म्हणून सांगितला जातो. फर्नांडो ताटिसने एका इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार धावा, खुलासा पुढे) मारले, दोन्ही एकाच पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, अबब! मला त्यातला ‘एकाच पिचरला’ हा भाग जास्त खातो. बॅटर एका इनिंगमध्ये दोनदा खेळायला येऊ शकतो, ते नशिबावर आहे. पण दोन्ही वेळा समोर तोच पिचर उभा असेल की नाही, हे डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर, बसलेला एक माणूस ठरवतो. हे लिखाण त्या माणसाच्या निर्णयाबद्दल आहे.

पार्श्वभूमी

तारीख 23 एप्रिल 1999, शुक्रवार संध्याकाळ. जागा लॉस अँजेलिसचं डॉजर स्टेडियम. यजमान डॉजर्स, पाहुणे सेंट लुइस कार्डिनल्स. सीझन सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

डॉजर्सचा पिचर चान हो पार्क, वय 25. मेजर लीगमध्ये खेळलेला पहिला दक्षिण कोरियन. आधीच्या दोन सीझनमध्ये त्याने 14 आणि 15 सामने जिंकून दिले होते आणि 1998च्या डिसेंबरात बँकॉक एशियाडमध्ये कोरियाला सुवर्णपदक मिळालं, त्या संघातही तो होता. त्या पदकामुळे त्याची सक्तीची लष्करी सेवा टळली. त्या काळात कोरिया आर्थिक संकटातून जात होता आणि पार्कचा सामना म्हणजे तिथे घरोघरी टीव्ही लावून बघायची गोष्ट होती. लॉस अँजेलिसमध्ये शुक्रवार संध्याकाळ म्हणजे सोलमध्ये शनिवारची सकाळ. म्हणजे अख्खा देश बघत असणार.

समोर ताटिस, 24 वर्षांचा, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सान पेद्रो दे माकोरीस गावचा. आदल्या वर्षी जुलैच्या शेवटच्या दिवशी टेक्सासने त्याला सेंट लुइसला देऊन टाकलं होतं. घरी चार महिन्यांचंही न झालेलं बाळ. त्या बाळाचं नाव शेवटी पुन्हा येईल. ताटिस बॅटिंगला चौथ्या नंबरवर, म्हणजे मार्क मॅग्वायरच्या लगेच मागे. मॅग्वायरने आदल्या वर्षी 70 होमरन (चेंडू थेट स्टँडमध्ये, क्रिकेटच्या सिक्सरसारखा) मारून विक्रम केला होता, त्यामुळे पिचरांचं सगळं लक्ष, भीती आणि घाम त्याच्यासाठी राखीव असायचा. ताटिसने तोपर्यंत कारकिर्दीत एकही ग्रँड स्लॅम मारलेला नव्हता.

आणि डगआउटमधला तो माणूस, डॉजर्सचा मॅनेजर डेव्ही जॉन्सन. हा माणूस म्हणजे स्वतंत्र प्रकरण आहे. गणिताची पदवी घेतलेला खेळाडू. बेसबॉलमध्ये संगणकाचं नाव कोणी काढत नव्हतं तेव्हा, बाल्टिमोरला खेळत असताना, बॅटिंग ऑर्डर कशी असावी याची आकडेमोड संगणकावर करणारा. 1986 मध्ये न्यूयॉर्क मेट्सला वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा. आणि गंमत म्हणजे 1978 मध्ये, खेळाडू म्हणून, एकाच सीझनमध्ये पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी आलेला बॅटर) म्हणून येऊन दोन ग्रँड स्लॅम मारणारा मेजर लीगमधला पहिला माणूस. दुर्मीळ ग्रँड स्लॅम कसा असतो हे त्या मैदानावर त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसावं. डॉजर्सबरोबर त्याचं हे पहिलंच वर्ष.

ग्रँड स्लॅम म्हणजे काय, हे क्रिकेटवाल्यांसाठी एका ओळीत: तिन्ही बेसवर (धाव पुरी करताना वाटेत गाठायचे टप्पे) आपला एकेक माणूस उभा असताना होमरन मारला की चौघेही घरी येतात, एका फटक्यात चार धावा. याहून मोठा फटका या खेळात नाही.

अडचण कशी उभी राहिली

तिसरी इनिंग सुरू झाली तेव्हा डॉजर्स 2-0 ने पुढे होते. काळजीचं काहीच नव्हतं.

डॅरन ब्रॅगने सिंगल मारला, म्हणजे पहिल्या बेसवर पोचवणारा फटका. एडगर रेंटेरियाच्या अंगाला चेंडू लागला, तो फुकट बेसवर. मॅग्वायरने सिंगल मारला. बेस भरले, बाद कोणी नाही. ताटिस आला. पहिले दोन चेंडू स्ट्राइक झोनबाहेर, म्हणजे पिचरने चेंडू टाकायच्या चौकटीबाहेर, गेले. 2-0 असा काउंट (दोन बॉल बाहेर, स्ट्राइक एकही नाही) म्हणजे बॅटरची चैन. पिचरला आता चेंडू आत टाकावाच लागतो, नाहीतर वॉक (चार बॉल बाहेर गेले की बॅटर फुकट बेसवर) देऊन धाव फुकट जाणार. पार्कने टाकला आणि ताटिसने तो डावीकडच्या स्टँडमध्ये पाठवला. 4-2.

इथपर्यंत विशेष काही नाही. ग्रँड स्लॅम दर सीझनला कितीतरी होतात.

पुढचा बॅटर बाद झाला, एक आउट (तीन झाले की इनिंग संपते). मग कॅचर एली मारेरोने होमरन मारला, 5-2. मग प्लॅसिडो पोलांकोला वॉक. जो मॅकयुइंगला वॉक. लागोपाठ दोन वॉक, म्हणजे पिचरचा हात ऐकत नाहीये. त्यानंतर कार्डिनल्सचा पिचर होसे हिमेनेझ बॅटिंगला. मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगमध्ये तेव्हा पिचरलाही बॅट धरावी लागायची. त्याने रीतीप्रमाणे बंट टेकवला, म्हणजे बेसवरच्यांना पुढे सरकवायला चेंडू बॅटने हलकेच अडवला. बंटवर हमखास एक आउट मिळतो. इथे कोणीच आउट झालं नाही, बेस पुन्हा भरले. ब्रॅग दुसऱ्यांदा आला. त्याच्या फटक्यावर क्षेत्ररक्षणात चूक झाली, 6-2. रेंटेरियाचा सिंगल, 7-2. बेस भरलेलेच. मॅग्वायर आला आणि उंच झेल देऊन बाद झाला. दोन आउट, धाव नाही.

आणि तेरावा बॅटर म्हणून पुन्हा ताटिस.

अडचण ही. पिचर एकाच इनिंगमध्ये तेराव्या बॅटरला सामोरा जातोय, बेस भरलेत, आणि समोर तोच माणूस आहे ज्याने अर्ध्या तासापूर्वीही नाही, याच इनिंगमध्ये चार धावा ठोकल्यात.

जॉन्सनसमोरचे पर्याय

क्रिकेटच्या डोळ्यांनी बघणाऱ्याची इथे पहिली फसगत होते. 10 जानेवारी 1985ला वानखेडेवर रवी शास्त्रीने बडोद्याच्या तिलक राजला एका ओव्हरमध्ये सहा सिक्सर मारले, तेव्हा बडोद्याच्या कप्तानाच्या हातात काय होतं? क्षेत्ररक्षण हलवणं, बोलरच्या पाठीवर थाप मारणं, बस. दुखापत वगैरे सोडली तर सुरू केलेली ओव्हर त्याच बोलरने पुरी करायची. तिलक राज अडकलेला होता. पार्क अडकलेला नव्हता. तेव्हा बेसबॉलमध्ये मॅनेजर दोन बॅटरांच्या मध्ये कधीही माउंडवर (पिचर उभा असतो त्या उंचवट्यावर) चालत जाऊन पिचरच्या हातातून चेंडू काढून घेऊ शकत होता.

मात्र त्याची किंमत आहे आणि ती क्रिकेटमध्ये नाही. काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. तिसऱ्या इनिंगमध्ये पिचर काढला तर उरलेल्या सहा-साडेसहा इनिंग बुलपेनमधल्या माणसांनी, म्हणजे राखीव पिचरांनी, उचलायच्या. ही माणसं एकेक, दोन-दोन इनिंग टाकायला ठेवलेली असतात. उद्या पुन्हा सामना, परवा पुन्हा. सहा महिन्यांत 162 सामने. आज बुलपेन रिकामं केलं तर ते कर्ज पुढच्या आठवड्यात व्याजासकट फेडावं लागतं. म्हणून सुरुवातीच्या पिचरला ‘खाऊ दे मार, पण इनिंग टाकू दे’ हे जुन्या मॅनेजरांचं ठरलेलं गणित होतं.

शिवाय नवा पिचर नळ सोडल्यासारखा येत नाही. त्याला बुलपेनमध्ये उठून चेंडू टाकत अंग गरम करावं लागतं, त्याला काही मिनिटं जातात. म्हणजे ताटिससाठी नवा पिचर हवा असेल तर तो निर्णय ताटिस आल्यावर नाही, रेंटेरिया किंवा त्याही आधी हिमेनेझ बॅटिंगला असताना व्हायला हवा. आणखी एक नियम: एकाच इनिंगमध्ये त्याच पिचरला भेटायला मॅनेजर किंवा कोच दुसऱ्यांदा माउंडवर गेला, तर पिचर काढावाच लागतो. धीर द्यायची भेट एकदाच.

आता एकेक थांबा बघू.

4-2 ला पार्कला काढणं हे घाबरटपणाचं ठरलं असतं. दोन धावांचा फरक, तिसरी इनिंग, हातात गेल्या वर्षीचा 15 सामने जिंकलेला पिचर. कोणीही काढलं नसतं. 5-2 ला, मारेरोच्या होमरननंतरही, मी नसतं काढलं.

खरा निर्णय त्यानंतरच्या दोन वॉकनंतर होता, असं मला वाटतं. होमरन खाणं एक गोष्ट, पण झोन सापडत नाही ही वेगळी गोष्ट. मार खाणारा पिचर दुर्दैवी असू शकतो. लागोपाठ वॉक देणारा पिचर थकलेला किंवा बिथरलेला असतो. बुलपेनमध्ये फोन करायची वेळ ती. पण नेमकं तेव्हाच समोर कोण होतं? हिमेनेझ, म्हणजे पिचर, म्हणजे संघातली सगळ्यात कच्ची बॅट. त्याच्यासमोर पिचर बदलणं म्हणजे झाडूने मारता येईल त्या झुरळासाठी बंदूक काढणं. जॉन्सनने थांबून बघितलं असेल तर ते समजण्यासारखं आहे. बंटवर एक आउट मिळाला असता तर दोन आउट झाले असते आणि चित्र निवळलं असतं. तो आउट मिळाला नाही. बंटवर न मिळालेला आउट आणि ब्रॅगवेळची चूक, या दोन जागी इनिंग डॉजर्सच्या हातातून निसटली. ताटिसच्या फटक्याच्या कितीतरी आधी.

7-2 ला मॅग्वायर समोर असताना बदल केला असता तर नव्या पिचरने पहिलाच चेंडू 70 होमरनवाल्याला टाकायचा, बेस भरलेले. त्यापेक्षा पार्क बरा, हा विचार पूर्ण चुकीचा म्हणता येत नाही, आणि तो खराही ठरला: मॅग्वायर बाद झाला. गोची अशी की या एका यशाने पार्कला पुढच्या बॅटरचा परवाना मिळाला. दोन आउट झालेत, एकच हवाय, ताटिस उजव्या हाताचा, पार्कही उजव्या हाताचा. उजव्याला उजवा हा या खेळात पिचरच्या बाजूचा जोड मानतात. कागदावर सगळं बरोबर.

एक पर्याय कोणी बोलून दाखवत नाही: ताटिसला मुद्दाम वॉक द्यायचा. बेस भरलेले असताना म्हणजे एक धाव दान, 8-2. वेड्यासारखं वाटतं, पण वर्षही झालं नव्हतं. 28 मे 1998ला अ‍ॅरिझोनाचा मॅनेजर बक शोवॉल्टर याने हेच केलं होतं. नववी इनिंग, दोन आउट, 8-6 ने पुढे, बेस भरलेले, समोर बॅरी बाँड्स. त्याने बाँड्सला सरळ वॉक देऊन एक धाव सोडली, पुढच्याला बाद केलं आणि सामना 8-7 ने जिंकला. पण तो शेवटचा आउट होता आणि समोर बाँड्स होता. तिसऱ्या इनिंगमध्ये, 24 वर्षांच्या ताटिससाठी, पाच धावांनी मागे असताना असं केलं असतं तर जॉन्सनला घरच्याच प्रेक्षकांनी सोलून काढलं असतं.

प्रत्यक्षात काय झालं

पार्क राहिला. काउंट 3-2 पर्यंत गेला, म्हणजे तीन बॉल बाहेर, दोन स्ट्राइक, यालाच फुल काउंट म्हणतात.

हा क्षण जरा जवळून बघण्यासारखा आहे. दोन आउट आणि फुल काउंट असला की बेसवरचे तिघेही पिचरचा हात हलताच धावत सुटतात, कारण त्यांना गमावण्यासारखं काही उरत नाही: स्ट्राइक असेल तर इनिंग संपली, चौथा बॉल असेल तर तसंही सगळ्यांना एकेक बेस पुढे जायचंय, आणि फटका बसला तर पळायचंच आहे. त्यामुळे पिचरच्या डोळ्यांसमोर बॅटर आणि कोपऱ्यांत तीन हलणारी माणसं. चेंडू बाहेर गेला तर धाव. आत टाकायलाच हवा. पहिल्या वेळेस 2-0 ला जी सक्ती होती, तीच इथे 3-2 ला.

पार्कने आत टाकला. ताटिसने पुन्हा डावीकडे पाठवला. 11-2.

त्यानंतर जॉन्सनने पिचर बदलला.

परिणाम

कार्डिनल्सने सामना 12-5 ने जिंकला. एका इनिंगमध्ये एका बॅटरने आठ धावा आणून देणं हा मेजर लीगचा विक्रम झाला आणि तो अजून उभा आहे. एका इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम दुसऱ्या कोणीच मारलेले नाहीत. तुलनेसाठी: एकाच सामन्यात चार होमरन, जो फार मोठा पराक्रम मानतात, तो 2025 अखेर 21 जणांनी केलाय.

एका इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम खाल्लेला पार्क मात्र दुसरा. पहिला होता पिट्सबर्गचा बिल फिलिप्स, 16 ऑगस्ट 1890, शिकागोविरुद्ध. पण त्याला मारणारे बॅटर दोन वेगळे होते, टॉम बर्न्स आणि मलकाय किट्रेज. म्हणजे 109 वर्षांनी विक्रमाची बरोबरी झाली आणि ती आणखी लाजिरवाणी करून.

स्कोअरकार्डातली एक ओळ मला या प्रकरणाचा सगळ्यात बोलका पुरावा वाटते. पार्कच्या नावावर 11 धावा, त्यातल्या ‘अर्न्ड’, म्हणजे पिचरच्या माथी मारलेल्या, फक्त 6. कारण ब्रॅगच्या फटक्यावरची चूक झाली नसती तर मॅग्वायरचा झेल तिसरा आउट ठरला असता आणि ताटिसची दुसरी पाळी आलीच नसती. अधिकृत हिशेबाच्या दृष्टीने तो इतिहासातला ग्रँड स्लॅम पार्कचा गुन्हाच नाही. हे अर्थात कोरियात कोणी ऐकून घेतलं नाही.

कोरियन लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘हान-मान-दू’. हान म्हणजे एक, एका इनिंगमधला. मान हे बेस भरलेले असताना मारलेल्या होमरनच्या कोरियन शब्दाचं पहिलं अक्षर. दू म्हणजे दोन. गंमत अशी की ‘मान्दू’ म्हणजे सारण भरून उकडलेला पदार्थ, आपल्या उकडीच्या करंजीचा लांबचा भाऊ. त्यामुळे 23 एप्रिल आला की तिथल्या बेसबॉलवेड्यांना मान्दूची आठवण होते. आपल्याकडे तिलक राजवर निदान खाण्याच्या पदार्थाची कोटी झाली नाही.

सीझनवर परिणाम काय झाला? काहीच नाही. डॉजर्स 77 जिंकून 85 हरले, कार्डिनल्स 75 जिंकून 86 हरले. दोन्ही संघ पुढच्या फेरीत नव्हते. ताटिसने 34 होमरन आणि 107 धावा आणून देऊन वर्ष संपवलं, त्याचं ते सर्वांत चांगलं वर्ष ठरलं. पार्कचं ते वर्ष ओढाताणीचं गेलं, 13 विजय 11 पराभव. पण पुढच्याच वर्षी तो 18 सामने जिंकला. 2010 मध्ये तो मेजर लीगमधून बाहेर पडला तेव्हा 124 विजयांसह आशियात जन्मलेल्या पिचरांमध्ये पहिला होता. शेवटचा संघ कोणता? पिट्सबर्ग. फिलिप्सचाच.

म्हणजे ज्याची भीती मॅनेजरला पिचर काढताना वाटते, की पोरगा मोडेल, ती पार्कच्या बाबतीत खरी ठरली नाही. अकरा धावा खाऊनही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

आज हे असं घडणं अवघड आहे, आणि त्याचं श्रेय कोणाच्या शहाणपणापेक्षा व्यवस्थेला जास्त आहे. 2022 पासून नॅशनल लीगमध्येही पिचर बॅटिंग करत नाही, त्यामुळे हिमेनेझसारखा ‘सोपा आउट’ मध्ये येत नाही आणि मॅनेजरला त्याच्यासाठी थांबून राहण्याचा मोह होत नाही. 1999 मध्ये संघात 25 जण असत, आता 26, आणि बुलपेन बरंच भरलेलं असतं. तिसऱ्या इनिंगमध्ये पिचर काढला तर आता भुवया उंचावत नाहीत.

जॉन्सनच्या जागी, त्याच्याच साधनांनिशी, मी दुसऱ्या वॉकला बुलपेन उठवलं असतं. पिचर बदलला नसता, फक्त कोणीतरी गरम होत असता. त्याला फुकट म्हणता येत नाही, कारण गरम झालेला हातही दमतो. पण मग 7-2 ला, मॅग्वायर झेल देऊन परत चालला असताना, निर्णय घ्यायला हातात माणूस असता. मॅग्वायरला पार्ककडून बाद करून घ्यायचा, आणि ताटिसला नवा चेहरा, नवा वेग, नवा कोन दाखवायचा. बॅटरने त्याच इनिंगमध्ये एका पिचरचे चेंडू बघितलेले असतात, त्याला वेळ जुळलेली असते. ती जुळणी मोडण्यापुरता तरी बदल हवा होता. आउट मिळालाच असता असं नाही. नव्या पिचरलाही ताटिसने मारला असता, शक्य आहे. मग तो एक वाईट दिवस ठरला असता, इतकंच, आणि पार्कचं नाव करंजीला चिकटलं नसतं.

माझ्या या मताविरुद्ध एक गोष्ट सांगायला हवी. उरलेल्या सहा इनिंगचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. जॉन्सनला एका आउटसाठी एक माणूस खर्चायचा नव्हता, आणि एप्रिलमध्ये, 7-2 ने मागे असताना, बहुतेक मॅनेजरांनी हेच केलं असतं. त्याला दोष देणारे आपण सगळे पुढचा चेंडू बघून बसलो आहोत.

ते चार महिन्यांचं बाळ म्हणजे फर्नांडो ताटिस ज्युनियर. तो पुढे सॅन डिएगो पाद्रेसचा खेळाडू झाला आणि चान हो पार्क त्याच पाद्रेसचा सल्लागार. 20 मार्च 2024ला मेजर लीगने सोलमध्ये सीझनचा पहिला सामना खेळवला, पाद्रेस विरुद्ध डॉजर्स. सामन्याआधीचा मानाचा चेंडू टाकायला पार्क आला, अंगात अर्धी डॉजर्सची आणि अर्धी पाद्रेसची जर्सी. चेंडू झेलला कोरियाच्याच किम हा-सोंगने. मग पार्क माउंडवरून उतरला आणि थोड्या वेळाने उजव्या फील्डमध्ये ताटिस ज्युनियर जाऊन उभा राहिला.